रांजणाला हात लावू नका

घर भाड्याने द्यायचं असेल तर काय काय बघावं, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मलाही भेटले. करारनामा अकरा महिन्यांचाच करा. विजेचं मीटर वेगळं घ्या. आधार कार्डाची झेरॉक्स पोलीस ठाण्यात देऊन ठेवा. दारू पिणारा नको, नेत्याचा नातेवाईक तर अजिबात नको. नेकनूरच्या स्टँडवर चहा पीत बसलेल्या प्रत्येकाला यातलं काही ना काही कळत होतं. पण घरमालकाने भाडेकरूला काय सांगावं, ते एकानेही सांगितलं नाही. ते मला जाईबाईने शिकवलं.

माझी बायको छबुबाई दुष्काळातल्या चारा छावण्यांच्या वर्षी गेली, चैत्र संपता संपता. ताप आला आणि उतरलाच नाही. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ती म्हणाली, मला रांजणाजवळ टाका, तिथं गार लागतं. म्हणून पुढच्या खोलीत रांजणाशेजारी बाज टाकली. तिथेच तिचा जीव गेला.

हा रांजण माझ्या वडिलांनी घर बांधताना बसवलेला. अर्धा जमिनीत पुरलेला आहे आणि भोवती शहाबादी फरशी आहे. हलवायचा म्हटलं तर फुटणार. छबू लग्न होऊन आली तेव्हापासून तो तिनेच भरला. आधी आडावरून, मग हातपंपावरून, मग टँकरवरून. पाणी काढण्याची तिची एक रीत होती. तांब्या रांजणाच्या काठावर दोनदा टकटक वाजवायचा, मुंगी-माती झटकायची, आणि मगच बुडवायचा. आमच्या घरात सकाळ झाली ती त्या आवाजानेच.

आमच्याकडे माणूस जिथे जातं तिथे दहा दिवस दिवा ठेवतात आणि पाण्याचं मडकं ठेवतात. जाणाऱ्या जिवाला तहान लागते म्हणून. दहाव्याला ते पाणी नदीत सोडायचं असतं. त्या वर्षी नदीत वाळूसुद्धा उरली नव्हती, तीही लोकांनी उपसून नेली होती. छबूची थोरली बहीण दगडाबाई मडकं हातात घेऊन दारात उभी राहिली. तिने एकदा बाहेरच्या फुफाट्याकडे पाहिलं, एकदा मडक्याकडे पाहिलं.

"एवढं चांगलं पाणी धुळीत वतू का मी?" ती म्हणाली, आणि मागे फिरून तिने ते रांजणात ओतलं.

तेरा-चौदा बायका होत्या तिथे. कुणीच तिला अडवलं नाही. दुष्काळात पाणी सांडू नये, हे सगळ्यांना पटलेलं होतं. मलाही पटलं होतं.

पाहुणे गेले. मुलगा पुण्याला कामावर गेला. मी मागच्या खोलीत राहू लागलो आणि पुढच्या दोन्ही खोल्यांना बाहेरून कडी लावली. एका सकाळी अंथरुणातच होतो, भिंतीपलीकडून आवाज आला. टकटक. मग तांब्या बुडल्याचा आवाज.

मी झोपेतच म्हणालो, "चहा ठेव गं."

म्हणालो आणि मग जागा झालो.

उठून पुढे गेलो. कडी जशीच्या तशी होती. आत कुणी नव्हतं. रांजणाचा काठ ओला होता आणि तांब्यातून पाणी ठिबकत होतं.

मी उभं आयुष्य दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर काढलं. दूध किती आलं, किती गेलं, हे कॅनमध्ये डोकावून सांगायची मला सवय. मी कोळशाने रांजणाच्या आतून पाण्याच्या पातळीला रेघ मारली. मातीचा रांजण उन्हाळ्यात पाझरतो, रोज थोडं पाणी कमी होतंच. हा पाझरत होता, बाहेरून ओला होता, पण पाणी रेघेवरून हललं नाही. मी त्यात थेंब टाकला नव्हता. मी त्यातलं पीतही नव्हतो.

पहिल्या दिवशी भ्यालो. पुढे त्या आवाजासाठी आधीच जागा होऊन पडून राहू लागलो. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी भगत आणला असता, आणि मला ती जायला नको होती.

अशात गावच्या विकास सोसायटीचे सेक्रेटरी विठ्ठलराव दारात आले. आमच्या सोसायटीने गायरानावर चारा छावणी घेतली होती. आजूबाजूच्या गावांची जनावरं तिथे येऊन बांधली होती, त्यांचं हंबरणं घरापर्यंत यायचं. छावणीची हजेरी ठेवायला माणूस नेमला होता आणि त्याला राहायला जागा नव्हती.

"राधाकिशन, तुझ्या पुढच्या खोल्या रिकाम्याच हायत की."

"रिकाम्या न्हाईत."

"कोण हाय तिथं?"

"सामान हाय," मी म्हणालो.

"सामान काय 'जय हरी' म्हणतंय का बे सकाळी उठून? एकटा बसून बसून डोकं फिरंल तुझं. जोडपं हाय, गरीब हायत. दिवा लागंल घरात."

दगडाबाईही फोनवर तेच म्हणाली. बाईमाणूस गेलेली खोली बंद ठेवू नये म्हणे. मी हो म्हणालो.

बंकट आणि त्याची बायको जाईबाई चकलांब्याहून टेम्पोत सामान घेऊन आले. सामान म्हणजे एक गादी, भांडी, निळं प्लास्टिकचं पाण्याचं टिपाड, आणि काचेत मढवलेली बाबासाहेबांची तसबीर. ती तसबीर जाईबाईने टेम्पोत मांडीवर धरून आणली होती. बंकट मऊ बोलणारा. जाईबाई तिशीची, डोळ्याला डोळा देऊन बोलणारी.

मी खोल्या दाखवल्या. बल्ब, खुंट्या, मोरी. मग रांजणापाशी आलो आणि म्हणालो, "सगळं वापरा. फकस्त या रांजणाला हात लावू नका."

जाईबाईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "कावून?"

"तसंच. त्यातलं पाणी घेऊ नका."

"आमी घेतलं तर काय हुईल?"

बंकट म्हणाला, "जाई, ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे कावून? इचारते ना. मामा, दुसरं कुणी ऱ्हायला आलं असतं, तुमच्या भावकीतलं, तर त्येला बी हेच सांगितलं असतं का?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, तिने काय ऐकलं ते. पाण्याला हात लावू नका. आमच्या भागात हे वाक्य नवीन नाही. ते कुणी कुणाला म्हटलं आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मी म्हणालो, "तसं न्हाई, बाई."

"मग कसं?"

कसं ते सांगायचं म्हणजे छबूचं सांगावं लागणार. मी चावी काढून बंकटच्या हातात दिली.

"तसंच असतंय," ती म्हणाली. "म्हणूनच कुणी सांगत न्हाई." आणि तिने तसबीर रांजणाच्या बरोब्बर वरच्या खुंटीला टांगली.

कुंपणापलीकडून शेजारीण मंजुळाबाईने सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी ती मला हळूच म्हणाली, "बरं केलं भावजी, रांजणाचं आधीच सांगून टाकलं. नंतर कटकट नको."

मला तिचा राग आला. तिलाही सांगता आलं नाही की तू समजतेस तसं नाही. एकीला वाईट वाटलं, दुसरीला बरं वाटलं, आणि दोघींनी ऐकलं ते एकच.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा जागा होऊन पडलो. छावणीतली जनावरं हंबरली, मंजुळाबाईचा कोंबडा ओरडला. टकटक आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मी भिंतीला कान लावला. जाईबाईच्या पोळपाटाचा आवाज येत होता, बंकटचं खोकणं येत होतं. छबूचा आवाज तेवढा नव्हता.

मला वाटलं, परकी माणसं आणली म्हणून ती रागावून गेली. जेवण जाईना. विठ्ठलरावांना सांगून दोघांना बाहेर काढावं, असंही मनात आलं. तसं करायला निघालोच होतो, तेवढ्यात जाईबाई पडवीत येऊन उभी राहिली.

"मामा, एक सांगा. तुमच्याकडं आमच्या खोलीची दुसरी चावी हाय का?"

"न्हाई. कावून?"

"मग सकाळी आत कसं येता?"

"मी?"

"आमी रांजणाला हात लावायचा न्हाई, आन तुमी रोज सकाळी येऊन पाणी घेता. तांब्या वाजवता. यायचं तर दार वाजवून या ना. आमी आत निजलेलो असतो."

मी जोत्यावर बसलो. "कसा वाजतो?"

"काय?"

"तांब्या. कसा वाजतो सांग."

तिने हवेत हात धरून दाखवलं. दोनदा काठावर. मग बुडवणं.

"दोनदाच?"

"दोनदा. मामा, तुमाला काय झालं?"

ती गेली नव्हती. मला ऐकू येत नव्हती, एवढंच.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी जाईबाईला विचारू लागलो. आज वाजला? किती वेळाने? पाणी कुठे ओतल्यासारखं वाटलं? हे बरोबर नव्हतं, मला कळत होतं. घरमालकाने रोज भाडेकरणीच्या दारात उभं राहून असले प्रश्न विचारायचे नसतात. जाईबाई आधी चिडून सांगायची, मग नुसती बघत राहायची. बंकट मला म्हणाला, "मामा, आमी भूतबीत मानत न्हाई. उंदीर असंल." पण तो हल्ली छावणीवरून जेवायला घरी येत नव्हता. डबा तिकडेच मागवायचा.

वैशाखाच्या शेवटी टँकर चुकू लागला. टँकर जिथे भरतात तिथली विहीरच आटली, असं ड्रायव्हर सांगायचा. आमच्या गल्लीत हंड्यांची रांग उन्हात लागलेली असायची आणि टँकर येत नसायचा. जाईबाईचं टिपाड तळाला गेलं. छावणीत जनावरांसाठी पाणी होतं. बंकटने तिथून एक कॅन आणला तर लोक बोलले, म्हणून त्याने तेही थांबवलं.

मी न राहवून म्हणालो, "जाईबाई, रांजणातलं घे. मी म्हणतो म्हणून घे."

"आता कावून? आता इटाळ न्हाई हुणार का?"

"घे बाई."

"तहानेनं मरंन पण घेणार न्हाई," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला हाक मारत आली. चेहरा उतरला होता. ती दोघं आल्यापासून मी पहिल्यांदाच त्या खोलीत गेलो. निळं टिपाड काठोकाठ भरलं होतं. आदल्या संध्याकाळी तिने ते आडवं करून शेवटचा तांब्या काढला होता, हे मी स्वतः दारातून पाहिलं होतं. रांजणात डोकावलो. पाणी कोळशाच्या रेघेला होतं.

"तुमी भरलं का?" तिने विचारलं. पण विचारण्यात जोर नव्हता. चावीचं बोलणं झाल्यापासून ती आतून कडी लावून निजायची, आणि त्या सकाळी ती कडी तिनेच काढली होती.

मग तिने फरशीकडे बोट केलं.

रांजणापासून टिपाडापर्यंत ओली पावलं होती. अनवाणी, बाईची. काही वाळली होती, काही वाळत होती. मी खाली बसलो. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

बहात्तरच्या दुष्काळात छबू दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तेव्हा आमचं लग्न व्हायचं होतं. दगड पडून तिची डाव्या पायाची करंगळी गेली. पुढे ती हसून सांगायची, सरकारनं धान्य दिलं आन करंगळी ठेवून घेतली.

मी त्या पावलावर हात ठेवणार होतो. ठेवायच्या आत ते वाळून गेलं.

मग मी जाईबाईला सगळं सांगितलं. बाज कुठे होती, मडक्याचं पाणी कुणी कुठे ओतलं, मला काय ऐकू यायचं आणि आता ते येत नाही, हेही. ती तसबिरीखाली भिंतीला टेकून उभी राहून ऐकत होती. मला वाटलं, आता सामान बांधायला घेईल.

"हे आधी सांगायचं होतं," ती म्हणाली.

"तुमी भेला असता."

"भेले असते तर भेले असते. भेलेलं माणूस दुसरी खोली बघतं. पण तुमी काय केलं? हात लावू नका म्हणलं आन गप बसले. माझ्या सासूला एका घरी वरून पाणी वाडायचे, ओंजळीत. ती मरेस्तोवर कुणाच्या घरी पाणी प्यायली न्हाई. इतके दिस मी रोज त्या रांजणाकडं बघून तिला आठवायले, आन तुमाला शिव्या द्यायले. मनात न्हाई, तोंडानं. बंकटला इचारा."

मी तिला हात जोडले.

"हात नका जोडू. मला सांगा, तुमची बायको आमच्या टिपाडात पाणी कावून भरायली?"

"ती तशीच होती. कुणाचं भांडं रिकामं बघवायचं न्हाई तिला."

जाईबाईने टिपाडात एकदा डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "उद्या दुपारी या. दुपारी बी असतंय. सकाळी नुसता आवाज असतो, दुपारी जवळून ऐकू येतंय. तुमी बसून बघा."

दुपारी गेलो. बंकटलाही तिने थांबवून घेतलं होतं. तो दाराजवळ बसला, एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून. बाहेर ऊन इतकं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. जाईबाईने मुद्दाम टिपाड रिकामं करून ठेवलं होतं. ते पाणी तिने गल्लीतल्या बायकांना वाटलं होतं. मंजुळाबाईनेही दोन हंडे नेले, कुठलं पाणी ते न विचारता.

आम्ही बसलो. बारा वाजले तेव्हा जाईबाईने मान वर केली.

"वाजला," ती म्हणाली.

मला काही ऐकू आलं नाही. बंकटकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले होते आणि मानेने हो म्हणत होता.

तांब्या खुंटीलाच होता. पण रांजणातलं पाणी हललं, आत काही बुडाल्यासारखं. मग रांजणाशेजारच्या कोरड्या फरशीवर एक पाऊल उमटलं. मग दुसरं. डावं, करंगळी नसलेलं. मग पुढचं. टिपाडाच्या तळाशी पाणी पडलं. पडताना दिसलं, मला आवाज आला नाही. पावलं परत फिरली.

मी म्हणालो, "छबू."

पावलं थांबली नाहीत. माझ्या गुडघ्याजवळून गेली. मी तिथे बसलो आहे हे तिला माहीत असल्यासारखं वाटलं नाही. परत रांजण, परत टिपाड. मला आनंद होत होता, ती एवढ्या जवळून चालली होती. मी नुसता त्या पावलांकडे बघत होतो. जाईबाई माझ्याकडे बघत होती.

"तुमाला ऐकू येत न्हाई ना," ती म्हणाली. "मी सांगते काय ऐकू येतंय ते. तिला दम लागायला. दर खेपेला हूं करून उचलायली. काल त्या कोपऱ्यात भांडं टेकवून थांबली, मग परत उचललं. आमी आल्यापास्न रोज हा दम ऐकायले मी. म्हणून मी निजत न्हाई. भ्यावून न्हाई."

फरशीवर एक पाऊल घसरलेलं उमटलं. टाच लांब ओढली गेली होती. भरलेलं भांडं घेऊन बाई घसरते तेव्हा उमटतं तसं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग परत पुढचं पाऊल.

"जल्मभर पाणी भरलं ना हिनं?" जाईबाई म्हणाली. "आन मेल्यावर बी भरायलाच लावता का, मामा?"

मी त्या घसरलेल्या पावलाकडे बघत राहिलो. ते वाळेपर्यंत.

मी बाहेर येऊन दगडाबाईला फोन लावला. तिला काही फोड करून सांगावं लागलं नाही. मडक्याचं पाणी म्हटल्याबरोबर तिला कळलं. मग म्हणाली, "रोज सपनात येती. डोक्यावर घागर असती. म्या इचारते कुठं निघालीस, तर म्हणती अजून एक खेप हाय. पाव्हणं, मी तिची वाट बंद केली. ते पाणी उपसा. एक थेंब ठिवू नका. परक्याच्या तोंडी जाऊ द्या."

"उपसल्यावर ती येणार न्हाई, आक्का."

"मग काय ठिवून घेता का तिला?" दगडाबाई म्हणाली आणि रडायला लागली.

हो, ठेवूनच घ्यायचं होतं मला. दुसरं काय हवं होतं? मी त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काहीच केलं नाही. पडवीत बसून राहिलो. जाईबाईने मला एकदाही टोकलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली आणि मी नेहमीचा प्रश्न विचारला, "आज वाजला?"

"वाजला," ती म्हणाली. "हळू वाजला. हात थकल्यावानी."

मी उठलो.

आधी जाईबाईने आणि बंकटने उपसायला घेतलं. तिने पहिल्यांदाच त्या रांजणाला हात लावला, आणि लावण्याआधी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान हलवली. हंड्यामागून हंडे काढले. रस्त्याच्या कडेला छावणीकडे जाणाऱ्या जनावरांसाठी दगडी डोण आहे, ती भरून वाहू लागली. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन आल्या. जाईबाईच्या हातून रांजणाचं पाणी मंजुळाबाईच्या घागरीत पडलं. मंजुळाबाईने एकदा रांजणाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नको असंल तर ऱ्हाऊ द्या, वहिनी." तिने घागर पुढे सरकवली.

आणि पाणी कोळशाच्या रेघेला ते रेघेलाच.

बंकट घामाघूम होऊन खाली बसला. "मामा, हे सरायचं न्हाई."

जाईबाई रांजणात बघत होती. मग तिने तांब्या माझ्यापुढे धरला. "तुमी काढा."

मी कधी रांजणातून पाणी काढलं नव्हतं. आमच्या घरात ते छबूचं काम. मला तहान लागली की मी हात पुढे करायचो आणि हातात तांब्या यायचा. इतक्या वर्षांत तो रांजण किती खोल आहे हे मी हात घालून पाहिलं नव्हतं. मी तांब्या घेतला. काठावर दोनदा वाजवला. का वाजवला सांगता येत नाही, हाताने वाजवला. मग बुडवला.

वर काढला आणि आत पाहिलं. रेघ पाण्याच्या वर दिसत होती.

मग मी थांबलो नाही. भरायचं, खांद्यावर घ्यायचं, डोणीवर न्यायचं, ओतायचं. स्टँडवरची चहा पिणारी मंडळी बघायला आली. एकजण म्हणाला, "राधाकिशन, आता लुगडं बी नेस." हसले सगळे. मी चालत राहिलो. माझी कंबर धरली, खांद्याची कातडी सोलली. एका खेपेला उंबऱ्यात पाय घसरला, टाच ओढली गेली. मी भिंत धरून उभा राहिलो. मला तिचं ते पाऊल आठवलं. मग परत उचललं.

ऊन कलायला लागलं तेव्हा मी कमरेपर्यंत रांजणात वाकून तळाचं पाणी काढत होतो. शेवटचा तांब्या निघाला, गढूळ. मी तो जाईबाईपुढे धरला. मला तो ओतवत नव्हता. दगडाबाईचं बोलणं तिला माहीत होतं.

तिने तांब्याच्या तोंडावर पदर धरला आणि त्यातून ती पाणी प्यायली. माझ्या हातातून, तांब्याला तोंड लावून.

मग आवाज आला. टकटक. इतक्या दिवसांनी मला आला, माझ्या कानाजवळ. रिकामा तांब्या आता जाईबाईच्या हातात होता. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, फरशीकडे पाहिलं.

रांजणापासून पावलं निघाली. ती टिपाडाकडे गेली नाहीत. दाराकडे गेली. हलकी पावलं होती, टाच नीट टेकत नव्हती, हात रिकामे असले की बाई चालते तशी. उंबरा ओलांडून अंगणात गेली. तिथली माती तापलेली होती, पाऊल उमटलं की लगेच वाळत होतं. मी मागे मागे गेलो. रस्त्याच्या कडेला डोणीजवळ शेवटचं डावं पाऊल उमटलं. एक म्हैस तिथे पाणी पीत होती. तिने मान वर केली, बाजूला सरकून कुणाला तरी वाट दिली आणि परत तोंड पाण्यात घातलं.

मी तिथे उभा राहिलो. थोड्या वेळाने बंकट येऊन मला घरात घेऊन गेला.

छावणी उठेपर्यंत ती दोघं माझ्याकडे राहिली. रोज सकाळी मी टँकरवरून हंडे आणून रांजण भरायचो आणि तो रोज रिकामा व्हायचा, कुठलाही रांजण होतो तसा. जाईबाई सगळ्यांच्या आधी त्यातलं पाणी घ्यायची. जाताना तिने तसबीर उतरवली आणि खुंटीवर तांब्या टांगला.

आता त्या खोल्यांत दुसरं कुटुंब आहे. त्यांच्या आधी दोन कुटुंबं पाहून परत गेली. करारनामा अकरा महिन्यांचाच असतो, मीटर वेगळं आहे, झेरॉक्स घेतो. पण कुलूप काढायच्या आधी, बाहेर उभ्या उभ्या, मी सांगतो: इथे माझी बायको वारली. बाज त्या कोपऱ्यात होती. तो रांजण तिचा आहे, त्यातलं पाणी प्या, कुणीही प्या. आता काही ऐकू येत नाही. आलं तर मला सांगा.

शेवटचं वाक्य सांगायची गरज नाही, असं जाईबाई फोनवर म्हणते. मी तरी सांगतो.